विक्रेत्याने पुस्तक उघडून पाहिलंय का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही परदेशातल्या एका विक्रेत्याकडून १९६०च्या दशकात छापलेला, वनस्पतींवरचा दोन खंडांचा ग्रंथ ऑनलाइन मागवलात. स्थिती 'व्हेरी गुड' अशी लिहिलेली होती. नऊ आठवड्यांनी पार्सल आलं, त्यात एकच खंड, तोही दुसरा. आत ग्रंथालयाचे शिक्के, कण्यावर क्रमांकाची चिठ्ठी आणि पानं उघडली की कुबट वास. तक्रार केल्यावर विक्रेता म्हणतो, स्वखर्चाने परत पाठवा, मग पैसे देऊ. आणि परत पाठवायचा खर्च पुस्तकाच्या किमतीच्या वर जातो. तुम्ही विचारताय तीन गोष्टी: हे लोक फसवतात का, परदेशातून जुनी पुस्तकं मागवणं सोडूनच द्यावं का, आणि हातात आलेल्या या एकट्या खंडाचं आता करायचं काय.

जुनी पुस्तकं शोधून देणं हे माझं वीसेक वर्षांचं काम. अभ्यासक, संग्राहक, कधीमधी एखादं छोटं ग्रंथालय मला यादी देतं आणि मी कुठून कुठून ती पुस्तकं मिळवतो. तुमच्या बाबतीत जे जे घडलं ते सगळं माझ्या बाबतीत घडून गेलंय, फक्त तुमच्यासारखं एकाच पार्सलात नाही.

फसवणूक म्हणाल तर बहुतेक वेळा नाही. खरा घोळ वेगळा आहे. नवीन पुस्तकाच्या हजार प्रती एकसारख्या असतात, त्यामुळे पुस्तकाचं नाव सांगितलं की काम भागतं. जुन्या पुस्तकाची प्रत्येक प्रत मात्र वेगळी. एकीवर चहाचा डाग, दुसरीतून नकाशा फाडलेला, तिसरी कुणी उघडलीच नाही अशी. म्हणजे तुम्ही ग्रंथ विकत घेत नसता, एक विशिष्ट प्रत घेत असता. आणि ऑनलाइन यादीत बहुतेक वेळा वर्णन असतं ते ग्रंथाचं. तुम्हाला ज्याने हा खंड विकला त्याने तो बहुधा कधी उघडलेलाच नाही. म्हणून मी जुनं पुस्तक मागवताना किंमत, तारे, शिपिंग या सगळ्याच्या आधी एकच गोष्ट शोधतो: या प्रतीला कुणी हातात घेऊन पाहिलंय का?

हे कसं होतं ते बघा. आज स्वस्तातली बहुतांश जुनी पुस्तकं विकतात ती मोठमोठी गोदामं. ग्रंथालयांनी रद्द केलेली, धर्मादाय दुकानांत न खपलेली पुस्तकं त्यांच्याकडे ढिगाने येतात. कामगार पुस्तक उचलतो, बारकोड स्कॅन करतो, स्थितीचं एक बटण दाबतो आणि पुस्तक मांडणीत जातं. पुस्तकामागे मोजके सेकंद. ज्यावर बारकोड नाही तिथे तो शीर्षक टाइप करतो आणि पडद्यावर जी नोंद पहिली दिसेल तिला ही प्रत चिकटवतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाला मिळणारा ओळखक्रमांक, आंतरराष्ट्रीय मानक झाला १९७०मध्ये. तुमचा ग्रंथ त्याच्या आधीचा, म्हणजे त्याला क्रमांकच नाही. कामगाराने नाव टाकलं असणार, समोर दोन्ही खंडांची एकत्र नोंद आली असणार, आणि त्या नोंदीवर हा एकटा दुसरा खंड चढला असणार. यात खोटं कुणीच बोललं नाही. पण पाहिलंही कुणी नाही.

याच्याही पुढची एक जात आहे. या लोकांकडे पुस्तकच नसतं. दुसऱ्या कुणाच्या यादीतली नोंद उचलायची, वर आपला नफा चढवून स्वतःच्या नावाने लावायची आणि मागणी आली की मूळ विक्रेत्याकडून घेऊन पाठवायची. याचं गाजलेलं उदाहरण २०११चं. माशीच्या वाढीचं जीवशास्त्र सांगणारं एक जुनं, छपाई थांबलेलं पुस्तक ॲमेझॉनवर दोन विक्रेत्यांनी लावलेलं होतं. मायकल आयझन नावाच्या जीवशास्त्रज्ञाने काही दिवस त्या किमतींवर नजर ठेवली. एकाची संगणकप्रणाली रोज दुसऱ्याच्या किमतीपेक्षा किंचित कमी, म्हणजे ०.९९८३ पट किंमत लावायची. दुसऱ्याची प्रणाली पहिल्याच्या १.२७ पट. दोघं एकमेकांना ढकलत ढकलत २ कोटी ३६ लाख डॉलरच्या वर पोचले, तेव्हा कुठे कुणाच्या तरी लक्षात आलं. आयझनचा अंदाज असा की पहिल्याकडे पुस्तक असावं, म्हणून त्याला सगळ्यात स्वस्त दिसायचं होतं. दुसऱ्याकडे ते नसावंच. मागणी आलीच तर पहिल्याकडून विकत घ्यायचं आणि फरक खिशात घालायचा.

आपल्याला इथे उपयोगी पडणारी गोष्ट एवढीच: एकाच पुस्तकाच्या पाच नोंदी दिसल्या म्हणजे पाच प्रती आहेत असं नाही. सहा नोंदींमागे एकच प्रत असलेली मी पाहिली आहे. ती प्रत खऱ्या मालकाच्या दुकानात समोरासमोर विकली गेली की बाकी पाच जणांची ऑर्डर 'पुस्तक सापडत नाही' म्हणून रद्द. वेगवेगळ्या साइटवर शोधूनही हे टळत नाही, कारण बऱ्याच साइट आतून एकाच घरच्या आहेत. अनेक साइटवरच्या नोंदी एकत्र शोधून देणारी बुकफाइंडर २००५मध्ये ॲबेबुक्स या जुन्या पुस्तकांच्या बाजारपेठेने घेतली आणि ॲबेबुक्स २००८मध्ये ॲमेझॉनने.

मग ओळखायचं कसं? माझी पहिली खूण वर्णनाचं क्रियापद. 'ग्रंथालयाचे शिक्के असू शकतात, पानांवर खुणा असू शकतात, सोबतचं साहित्य नसू शकतं' असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, पुस्तक कुणी पाहिलेलं नाही. ज्याने पाहिलंय तो 'आहे' म्हणतो किंवा 'नाही' म्हणतो. 'पहिल्या कोऱ्या पानावर शाईने नाव, कण्याचा वरचा भाग थोडा फाटलेला, नकाशे चारही शाबूत' हे वर्णन वाचायला कमी आकर्षक आहे, पण ते लिहिणाऱ्याच्या मांडीवर पुस्तक होतं. मी नेहमी दोष सांगणाऱ्याकडून घेतो. थोडे पैसे जास्त पडले तरी.

दुसरी खूण म्हणजे फोटो. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचं स्वच्छ मुखपृष्ठ हे प्रकाशकाकडून आलेलं चित्र असतं. खरा फोटो जरा वाकडा असतो, टेबलाची कड दिसते, दिव्याची चकाकी पडलेली असते. तो वाकडा फोटो बघून मला बरं वाटतं.

आणि तिसरी, सगळ्यात खात्रीची, म्हणजे विचारणं. पण 'पुस्तक चांगल्या स्थितीत आहे का?' असं विचारू नका, त्याला उत्तर 'हो' असंच येणार. असा प्रश्न विचारा की पुस्तक उघडल्याशिवाय उत्तर देताच येणार नाही. काही वर्षांपूर्वी मी एका पत्रसंग्रहाचे तीन खंड मागवणार होतो. विक्रेत्याला लिहिलं, तिन्ही खंडांच्या शेवटच्या छापील पानाचा क्रमांक कळवाल का? दोन दिवसांनी उत्तर आलं: 'तुमच्या प्रश्नामुळे मांडणीपाशी गेलो. माझ्याकडे पहिला आणि तिसराच आहे, नोंद चुकीची होती, क्षमस्व. तिसऱ्यात कुणीतरी ठेवलेलं बसचं जुनं तिकीट आहे, तसंच राहू देऊ का?' मी ती ऑर्डर दिली नाही, पण त्या माणसाकडून नंतर वर्षानुवर्षं पुस्तकं घेतली. याच प्रश्नाला गोदामातून उत्तर येतं ते ठरावीक छापाचं: आमच्याकडे इतकी पुस्तकं आहेत की प्रत्येक प्रत तपासणं शक्य नाही. हेही उत्तरच आहे. स्वस्त कथा-कादंबरी असेल तर मी तरीही घेतो. संच, नकाशे असलेलं पुस्तक किंवा विशिष्ट आवृत्ती असेल तर नाही.

आता 'व्हेरी गुड'चं काय ते सांगतो, कारण बहुतेकांचा पहिला संताप इथेच होतो. जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यांसाठी पूर्वी निघणाऱ्या 'एबी बुकमन्स वीकली' या इंग्रजी साप्ताहिकाने १९४९मध्ये स्थितीच्या श्रेण्या ठरवून दिल्या. ॲज न्यू, फाइन, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर असा तो उतरता क्रम. त्यातल्या 'गुड'चा अर्थ होता सरासरी वापरलेलं, झिजलेलं, पण सगळी पानं असलेलं पुस्तक. म्हणजे व्यापाऱ्याच्या भाषेत 'गुड' म्हणजे चांगलं नव्हे, चालण्यासारखं. 'फेअर' म्हणजे मजकुराची सगळी पानं आहेत, पण सुरुवातीची कोरी पानं गेलेली असू शकतात. व्यवसायात मुरलेले लोक आजही याच मापाने लिहितात, आणि त्यांच्या नियमानुसार ग्रंथालयातून रद्द झालेली प्रत असेल तर श्रेणी काहीही असो, तसं स्पष्ट लिहावंच लागतं. मोठ्या बाजारपेठांच्या साइटवर मात्र 'लाइक न्यू'पासून 'ॲक्सेप्टेबल'पर्यंत चारपाच बटणं आहेत आणि ती वेगळ्या मापाची आहेत. एकच शब्द, दोन मापं. शिवाय गोदामातला कामगार ठरवतो ते बाहेरून बघून. तुमचा खंड बाहेरून खरंच व्हेरी गुड असेल, कारण ग्रंथालयाने वर प्लास्टिकचं वेष्टण घातलेलं असतं आणि आतला पुठ्ठा त्यामुळे नवाकोरा राहतो.

वास कुठल्याच श्रेणीत येत नाही. बुरशीचा कुबट वास, सिगारेटचा वास याबद्दल मुद्दाम विचारावं लागतं. मी हे उशिरा शिकलो. तुमचा खंड आल्या आल्या कपाटातल्या बाकी पुस्तकांत ठेवला असेल तर आधी बाहेर काढा. वेगळा, कोरड्या आणि हवेशीर जागी उभा ठेवा, पानं जरा मोकळी करून. पानांवर भुरकट किंवा काळपट, बोटाला लागणारी पूड दिसली तर ती बुरशी समजा. घरात झटकू नका, तोंडावर मास्क लावून बाहेर नेऊन मऊ ब्रशने काढा. पिवळट तपकिरी ठिपके असतील तर ते जुन्या कागदावर पडतातच, त्यांना घाबरायचं कारण नाही.

आवृत्तीचा घोळ जरा सविस्तर सांगायला हवा, कारण पैसे सगळ्यात जास्त इथे बुडतात. जुन्या ग्रंथाचं नाव शोधलं की वरच्या पानभर नोंदी 'नवीन प्रत' म्हणून येतात. ही असतात मागणीनुसार छापलेली पुनर्मुद्रणं. कुठल्या तरी ग्रंथालयातली प्रत स्कॅन करून ठेवलेली असते, तीच फाइल छापून पुठ्ठ्यात घालतात. मजकूर वाचण्यापुरतं ठीक आहे, कधी कधी तेवढंच हवं असतं. पण एकदा मी एका प्रवासवर्णनाची अशी प्रत अजाणता मागवली. मूळ पुस्तकात घडी घातलेला मोठा नकाशा होता. स्कॅन करणाऱ्याने घडी उघडलीच नव्हती. पुस्तकात छापून आला तो घडीचा वरचा चौकोन: अर्धी नदी, एका गावाच्या नावाचा शेपटाकडचा भाग आणि कडेला स्कॅन करणाऱ्याचं रबरी टोपण घातलेलं बोट. ज्या अभ्यासकासाठी मागवलं होतं त्याला फक्त तो नकाशाच हवा होता.

म्हणून प्रकाशनाचं साल आणि प्रकाशकाचं नाव दोन्ही जुळतंय का ते बघा. शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकाला तेरा अंकी आयएसबीएन दिसला तर ती आधुनिक छपाई आहे हे उघड आहे, कारण तेरा अंकी क्रमांक १ जानेवारी २००७पासून आले. त्याआधी दहा अंकी होते. उलटही होतं. विक्रेत्याकडे खरी जुनी प्रत असते आणि त्याने ती पुनर्मुद्रणाच्या नोंदीखाली लावलेली असते. असं पुस्तक मातीमोल भावात मिळतं, पण त्यासाठी परत तोच प्रश्न विचारावा लागतो: शीर्षकपानावर खाली काय छापलंय?

पहिली छपाई हवी असेल तर हक्कपानाचा, म्हणजे शीर्षकपानामागच्या प्रकाशनाच्या तपशिलाच्या पानाचा, फोटो मागा. बऱ्याच आधुनिक इंग्रजी पुस्तकांत तिथे १ ते १० आकड्यांची एक ओळ असते. त्यातला सगळ्यात लहान शिल्लक आकडा म्हणजे कितवी छपाई. १ दिसत असेल तर सहसा पहिली. सगळे प्रकाशक हे पाळतात असं नाही. अमेरिकेत बुक क्लबच्या सभासदांसाठी वेगळ्या स्वस्त प्रती निघायच्या. त्यांच्या जॅकेटवर बहुधा किंमत नसते आणि मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात कधी कधी एक छोटा दाबलेला ठसा असतो. नवखा विक्रेता त्या प्रतीला बिनदिक्कत पहिली आवृत्ती म्हणतो. तुम्हाला फक्त वाचायचं असेल तर हा परिच्छेद विसरून जा.

खरं तर सगळंच यावर ठरतं: पुस्तक वाचायला हवंय, अभ्यासाला उद्धृत करायला हवंय की जपून ठेवायला? वाचायला हवं असेल तर गोदामाची स्वस्त प्रत घ्या, चारात एक बिघडली तरी हिशेब जुळतो. उद्धृत करायला हवं असेल तर पानांचे क्रमांक जुळणारी तीच आवृत्ती लागते. जपायला हवं असेल तर फोटोशिवाय पुढे जायचंच नाही. तुमच्या प्रश्नावरून मला वाटतं तुम्ही दुसऱ्या गटातले आहात आणि खरेदी मात्र पहिल्या गटाच्या पद्धतीने केलीत.

वाहतुकीचा ताप तर वेगळाच. ॲबेबुक्ससारख्या साइटवर दाखवलेला टपालखर्च हा एक किलोचं पुस्तक धरून काढलेला असतो. दोन खंडांचा, गुळगुळीत जाड कागदावर रंगीत चित्रं छापलेला ग्रंथ सहज तीन-चार किलोंचा होतो. मग विक्रेता लिहितो, जादा पैसे द्या नाहीतर ऑर्डर रद्द. लोक याला लुबाडणूक म्हणतात. मी म्हणत नाही. फक्त पैसे भरायच्या आधी मीच वजन विचारतो. पूर्वी हे इतकं बोचत नव्हतं, कारण जहाजाने येणारं स्वस्त टपाल होतं. दोन-तीन महिने लागायचे, पण परवडायचं. अमेरिकेच्या टपाल खात्याने १४ मे २००७ला परदेशी जाणारं जमिनी-समुद्रमार्गाचं टपाल बंद केलं आणि जड पुस्तकांचं गणित एका दिवसात बदललं. काही देशांत संथ आणि स्वस्त मार्ग अजून आहे, पण यादीत तो दिसतोच असं नाही. छोट्या विक्रेत्याला विचारलं तर तो सांगतो.

ट्रॅकिंगबद्दल एक गोष्ट कळली की अर्धी चिंता कमी होते. टपालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक तेरा खुणांचा असतो: दोन अक्षरं, नऊ अंक, दोन अक्षरं. शेवटची दोन अक्षरं पाठवणाऱ्या देशाची: जीबी म्हणजे ब्रिटन, यूएस म्हणजे अमेरिका, डीई म्हणजे जर्मनी अशी. पहिलं अक्षर सेवेचं. आर म्हणजे रजिस्टर, सी म्हणजे पार्सल, ई म्हणजे ईएमएस, टपालाची जलद सेवा. यू असेल तर तो क्रमांक मुख्यतः कस्टमच्या कामासाठी असतो, माग काढण्याची सेवा त्यात विकत घेतलेलीच नसते. 'पाठवलं' या शब्दावर महिनाभर अडकलेलं पार्सल बरेचदा या प्रकारचं असतं. ते हरवलेलं नसतं, वाटेत कुणी त्याची नोंद करत नसतं एवढंच. क्रमांकाची घडण यापेक्षा वेगळी असेल तर पार्सल खासगी वाहतूकदाराकडे आहे. तो ते गठ्ठ्याने दुसऱ्या देशात नेतो आणि तिथून टपालात टाकतो. त्याचा जुना क्रमांक सीमेवर मरतो. विक्रेत्याला शेवटच्या टप्प्याचा क्रमांक मागा.

कस्टमच्या बाबतीत देशागणिक फरक आहे, म्हणून मोघमच बोलतो. युनेस्कोच्या पुढाकाराने १९५०मध्ये फ्लॉरेन्सला झालेल्या कराराने पुस्तकांवर आयात शुल्क लावू नये असं ठरलं आणि बऱ्याच देशांनी ते मान्य केलं. पण शुल्क नाही म्हणजे काहीच नाही असं नव्हे. मूल्यवर्धित कर वेगळा, आणि कुरिअर कंपनी कागदपत्रं करण्याचे जे पैसे घेते ते आणखी वेगळे. स्वस्त पुस्तकावर हा शेवटचा आकडाच सगळ्यात मोठा असतो. नियम बदलतातही अचानक. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या मालाला असलेली करसवलत १ जुलै २०२१ला काढली. अमेरिकेने ऑगस्ट २०२५च्या अखेरीस ८०० डॉलरपर्यंतची सवलत थांबवली, तेव्हा कित्येक देशांच्या टपाल खात्यांनी तिकडे पार्सलं घेणंच काही काळ बंद ठेवलं आणि पुस्तकंही त्यात अडकली. विक्रेत्याला एवढं सांगा की कस्टमच्या चिठ्ठीवर 'वापरलेलं छापील पुस्तक' असं आणि खरी किंमत लिही. 'भेटवस्तू' म्हणून कमी किंमत लिहायला सांगू नका. पार्सल गहाळ झालं तर भरपाई त्या खोट्या किमतीचीच मागता येते.

पार्सल कसं बांधायचं याबद्दलही विक्रेत्याला एक ओळ लिहित जा. जड पुस्तक नुसत्या बुडबुड्यांच्या पाकिटात घालून पाठवलं तर कोपरे चेपतातच. मी लिहितो, पुस्तक आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि दोन्ही बाजूंना पुस्तकापेक्षा बोटभर मोठे पुठ्ठे लावा. फुकट होणारं काम आहे आणि बहुतेक जण आनंदाने करतात.

आता तुमच्या पैशांचं. आधी तारीख बघा. प्रत्येक साइटवर तक्रारीची मुदत असते आणि विक्रेत्याशी गोड गोड पत्रव्यवहार चालू असताना ती निघून जाते. 'अजून दोन आठवडे वाट बघा' हे वाक्य मला जितक्या वेळा ऐकायला मिळालंय तितक्या वेळा पुस्तक आलेलं नाही. पेपल या ऑनलाइन सेवेने पैसे दिले असतील तर पैसे दिल्यापासून १८० दिवसांच्या आत वाद नोंदवता येतो. कार्डाने दिले असतील तर बँकेला मुदत आजच विचारा. सगळा संवाद साइटच्या निरोपपेटीतूनच करा, खासगी मेलवर नको, कारण उद्या निवाडा करणाऱ्याला तेवढंच दिसतं.

आणि तक्रार 'वर्णनाशी जुळत नाही' या सदरात करा. वास, शिक्के, उशीर हे सगळं खरं असलं तरी त्यावर मतभेद होऊ शकतो. दोनाऐवजी एकच खंड आला, यावर होऊ शकत नाही. यादीच्या नोंदीचं पडद्यावरचं चित्र, शीर्षकपानावरचा 'खंड दुसरा' दिसणारा फोटो आणि पार्सलवरच्या चिठ्ठीवरचं वजन, एवढ्या तीन गोष्टी जोडा. वजनाचा फोटो लोक विसरतात. दोन खंड पाठवले होते, एक वाटेत पडला, असं विक्रेता म्हणालाच तर तो आकडा बोलतो. मग लिहा की परत पाठवण्याचा खर्च तुम्ही भरणार असाल तर पाठवतो, नाहीतर निम्म्याहून जास्त रक्कम परत करा आणि खंड माझ्याकडे राहू द्या. गोदामवाल्यांना ते पुस्तक परत नकोच असतं. ते परत येणं, उघडणं, पुन्हा मांडणीत लावणं त्यांना पुस्तकापेक्षा महाग पडतं. माझ्या अनुभवात दुसऱ्या किंवा तिसऱ्या निरोपाला बहुतेक जण तयार होतात, काही तर पूर्ण रक्कम देऊन पुस्तक ठेवा म्हणतात. आवाज चढवू नका. तिथे उत्तर देणारा माणूस दिवसभर शिव्या वाचत असतो, नीट लिहिलेल्या निरोपाचं काम तो आधी उरकतो.

पैसे परत आले तरी जेवढे दिले तेवढेच येतील असं धरू नका. परकीय चलनाचा दर त्या दिवशीचा लागतो आणि बँकेचं व्यवहारशुल्क सहसा परत मिळत नाही. पुढच्या वेळी पैसे भरताना 'तुमच्या चलनात भरायचे का' असं विचारलं तर नाही म्हणा आणि विक्रेत्याच्याच चलनात भरा. त्या सोयीच्या दरात बहुधा त्यांचं कमिशन लपलेलं असतं.

सोडून द्यावं का, याचं उत्तर तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. मी सोडलेलं नाही. पण दहा साइट चाळणं सोडलं. परदेशातले माझे बारा-चौदा विक्रेते ठरलेले आहेत; प्रत्येकाचा विषय मला माहीत आहे आणि माझी यादी त्यांच्याकडे असते. एकेक पुस्तक न मागवता मी त्यांच्याकडे चार-पाच साठू देतो आणि एकदम पाठवायला सांगतो. शोधायचं साइटवर, पण शक्य तिथे घ्यायचं त्या माणसाकडून, त्याच्या स्वतःच्या दुकानाच्या पत्त्यावर लिहून. साइटचं कमिशन वाचलं की तो टपालखर्चात सवलत देतो. अर्थात साइटचं संरक्षण त्यात नसतं, म्हणून पहिली एक-दोन पुस्तकं साइटवरूनच घ्या आणि माणूस कसा आहे ते बघा.

राहिला तुमचा एकटा दुसरा खंड. तो टाकू नका आणि पहिला शोधायची घाईही नको, आधी एक करून बघा. त्याच्या कण्यावरची चिठ्ठी आणि आतला शिक्का नीट वाचा. ग्रंथालयं संच रद्द करतात तेव्हा दोन्ही खंड एकाच दिवशी, एकाच खोक्यात बाहेर पडतात. तुमचा पहिला खंड त्याच गोदामात असण्याची शक्यता बरीच आहे, फक्त तोही कुणीतरी 'दोन खंड' म्हणून वेगळ्या नोंदीवर चढवलेला असणार. त्याच विक्रेत्याकडे तेच शीर्षक पुन्हा शोधा. दुसरी प्रत दिसली तर मागवू नका. निरोप पाठवा: या प्रतीच्या कण्यावरच्या चिठ्ठीवर अमुक क्रमांक आहे का, आणि शीर्षकपानावर 'खंड पहिला' आहे का? पैसे परत देण्याऐवजी तो खंड पाठवलात तर माझी तक्रार मिटली, असंही त्यात लिहा. मी आजवर हे तीनदा केलंय आणि दोनदा जोडी जुळली. तिसऱ्या वेळी आला तो पुन्हा दुसराच खंड, आणि तो अजून माझ्याकडे आहे. तुमच्या ग्रंथाचं नाव कळवा, कोण जाणे, तोच असायचा.